झोपवून, कमरेतून की जागेवर?

जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं की घरात चर्चा होते ती दोन गोष्टींची. दुर्बिणीतून करायचं की नेहमीसारखी चीर देऊन, आणि आत बसवायची जाळी कितीची. भूल कोणती, हा विषय निघतो तो दाखल झाल्यावर, आणि तोवर तो जवळजवळ ठरलेलाच असतो: सर्जनच्या सवयीनं, रुग्णालयाच्या पद्धतीनं, त्या दिवशी भूलतज्ज्ञ किती वाजता मोकळे होणार यावरून. रुग्णाला एवढंच माहीत असतं, की शेजारच्या काकांना ‘पूर्ण झोपवलं होतं’, मेहुण्याला ‘कमरेत इंजेक्शन दिलं होतं’ आणि गावाकडच्या कुणाचं तरी ‘जागेपणीच केलं होतं’. तिघेही बरे होऊन हिंडत-फिरत असतात. मग फरक कशानं पडतो?

फरक पडतो, आणि तो मोजलेलाही आहे. जांघेतला हर्निया इतका सर्रास आढळतो, की आयुष्यभरात सुमारे २७ टक्के पुरुषांना आणि ३ टक्के स्त्रियांना त्यासाठी ऑपरेशन लागू शकतं, असा अंदाज आहे. जगभरात दरवर्षी अशी दोन कोटींच्या आसपास ऑपरेशनं होतात. ऑपरेशन तेच, चीर तीच, जाळीही तीच. पण भूल तीन अगदी वेगळ्या तऱ्हांची देता येते. त्यामुळे भुलीच्या पद्धती समोरासमोर ठेवून पारखायला हे ऑपरेशन नामी ठरलं. त्या पारखणीतून निघालेला निष्कर्ष थोडा चमत्कारिक आहे. चीर देऊन केलेल्या साध्या हर्नियासाठी जी भूल आकड्यांत सगळ्यात सरस ठरते, तीच बहुतेक रुग्णालयांत सगळ्यात कमी वापरली जाते. असं का, हे समजलं की कोणती भूल घ्यावी याचं उत्तरही बरंचसं हाती येतं.

चार सेंटिमीटरची वाट

मुलाचे वृषण आधी पोटात तयार होतात आणि जन्माच्या सुमारास खाली उतरतात. उतरताना ते पोटाच्या भिंतीतून एक तिरकी वाट काढतात. मोठ्या माणसात ही वाट साधारण चार सेंटिमीटर लांब असते. तिच्यातून वीर्यनलिका आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या जातात. भिंतीतली ही जागा जन्मभर थोडी कमकुवतच राहते. खोकला, ओझं, शौचाला कुंथणं यांनी पोटातला दाब वाढत राहतो आणि एक दिवस जुन्या टायरच्या फाटीतून ट्यूबचा फुगा डोकवावा तसा पोटाच्या आतल्या अस्तराचा फुगा तिथून बाहेर येतो. फुग्यात कधी चरबी असते, कधी आतडं. आपल्याकडे जुनी माणसं याला ‘अंतर्गळ’ म्हणत, किंवा सरळ ‘आतडं उतरलं’ म्हणत.

ऑपरेशन म्हणजे तो फुगा आत ढकलायचा किंवा कापून बांधायचा आणि मागची भिंत जाळीनं नाहीतर टाक्यांनी भक्कम करायची. जागा लहान असली तरी तिची संवेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसा तीन आहेत: इलिओहायपोगॅस्ट्रिक, इलिओइंग्वायनल आणि जेनिटोफीमोरल. तिन्ही निघतात कंबरेच्या वरच्या मणक्यांपाशी आणि जांघेत येतात. फुग्याचं अस्तर मात्र वेगळ्या स्वभावाचं. ते कापलं तर फारसं दुखत नाही, पण ओढलं की पोटात खोल कळ येते आणि मळमळतं.

कापलेल्या जागेचा संदेश जांघेतून निघतो, नसांवाटे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत शिरतो आणि वर मेंदूत पोचतो. त्याला तीन ठिकाणी अडवता येतं. निघतो तिथेच अडवला तर ती जागेवरची भूल, म्हणजे लोकल. मज्जारज्जूच्या दाराशी अडवला तर कमरेतली, म्हणजे स्पायनल. आणि संदेश घेणाऱ्या मेंदूलाच झोपवलं तर संपूर्ण भूल.

एका विद्यार्थ्याचा पेशंट

आधुनिक हर्निया शस्त्रक्रियेचं श्रेय इटलीतल्या एदुआर्दो बासिनी यांना दिलं जातं. १८८४ मध्ये पादुआला त्यांनी भिंत थरांनुसार शिवण्याची पद्धत सुरू केली. तोवर ईथर आणि क्लोरोफॉर्म रुळले होते, पण ते देण्याचं काम बहुधा एखाद्या नवख्यावर सोपवलं जाई. अमेरिकेत बॉस्टनला शिकणाऱ्या हार्वी कुशिंग या विद्यार्थ्यावर ते असंच येऊन पडलं. पेशंटच्या हर्नियात आतडं अडकलेलं, पोट तुडुंब भरलेलं. कुशिंगनं ईथर दिला, ऑपरेशन सुरू झालं आणि पोटातलं सगळं एकदम वर येऊन श्वासनलिकेत गेलं. पेशंट टेबलावरच दगावला.

हा विद्यार्थी पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा एक संस्थापक म्हणून जगप्रसिद्ध झाला. पण त्याआधी त्यानं भुलीत दोन कामं केली. अर्नेस्ट कॉडमन या सहाध्यायाबरोबर त्यानं भूल चालू असताना नाडी आणि श्वास कागदावर नोंदवायला सुरुवात केली. आज प्रत्येक ऑपरेशनमध्ये भूलतज्ज्ञ जो तक्ता भरतात त्याचं मूळ तिथे आहे. दुसरं काम हर्नियाचं. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात असताना कुशिंगनं रुग्णाला न झोपवता, कोकेनचं पातळ द्रावण टोचून हर्नियाची ऑपरेशनं केली आणि १९०० साली त्यावर निबंध छापला. त्यात जांघेतल्या नसा कुठून कशा जातात याचं बारीक वर्णन होतं. जागेवरच्या भुलीची किल्ली त्या वर्णनात होती: सगळीकडे औषध पसरत बसण्यापेक्षा नस कुठे आहे ते जाणून तिच्यापाशीच ते सोडायचं.

कोकेननं डोळा बधिर होतो हे व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये दाखवलं होतं. पण कोकेन घातक होतं. कुशिंग ज्यांच्या हाताखाली काम करत ते नामवंत सर्जन विल्यम हॉल्स्टेड नसा बधिर करण्याचे प्रयोग स्वतःवर करता करता त्याच्या व्यसनात अडकले होते. व्यसन न लावणारं नोव्होकेन आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी १९०४ मध्ये तयार केलं. त्याहून भरवशाचं लिग्नोकेन स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये बनवलं. आज दात काढताना दिलं जाणारं ‘झायलोकेन’ ते हेच.

कमरेतली भूल जन्मली जर्मनीत. ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये कील शहरात मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात कोकेन सोडून पायाची शस्त्रक्रिया केली. मग त्यांनी आणि सहायक हिल्डेब्रांट यांनी एकमेकांवर प्रयोग केला. बिअरच्या पाठीत सुई नीट बसली, पण तिला पिचकारी जुळेना. तेवढ्या वेळात पाणी गळत राहिलं. हिल्डेब्रांटचे पाय मात्र उत्तम बधिर झाले. नडगीवर लोखंडी हातोडा मारला तरी त्यांना कळलं नाही. नंतर दोघंही डोकेदुखीनं हैराण झाले आणि बिअरना तर काही दिवस अंथरूण सोडवेना. त्या डोकेदुखीचं कारण बिअरनी तेव्हाच ओळखलं: गळलेलं पाणी. आजच्या स्पायनलच्या सुया केसासारख्या बारीक झाल्या त्यामागे हेच कारण आहे.

संपूर्ण भूल

आज संपूर्ण भूल शिरेतून सुरू होते. प्रोपोफॉलसारखं दुधट औषध गेलं, की रुग्ण अर्ध्या-एक मिनिटात झोपतो. मग घशात मऊ मास्क बसवतात किंवा श्वासनलिकेत नळी घालतात आणि ऑपरेशन संपेपर्यंत वायू किंवा शिरेतलं औषध चालू ठेवतात. हर्निया केवढाही असो, दोन्ही बाजूंचा असो, पोट आणखी उघडावं लागो, रुग्णाला काहीच कळत नाही आणि सर्जनला हवा तितका वेळ मिळतो. घाबरट माणसाला आणि लहान मुलांना हीच सोयीची.

किंमत मोजावी लागते ती जागं झाल्यावर. मळमळ, उलटी, घसा खवखवणं, दिवसभराची गुंगी हे नेहमीचं. म्हाताऱ्या माणसांना एखादा दिवस भ्रम होऊ शकतो. जागं होताना जोराचा खोकला आला तर नुकत्याच शिवलेल्या जागेवर ताण येतो. कुशिंगच्या पेशंटचं जे झालं ते टाळण्यासाठी आजही उपाशी ठेवतात: जेवण सहा-आठ तास आधी बंद, साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. ‘रात्री दहानंतर पाण्याचा थेंबही नको’ हा आपल्याकडचा दंडक गरजेपेक्षा कडक आहे. अर्थात आपल्या डॉक्टरांनी जे सांगितलं असेल तेच पाळावं.

चांगले भूलतज्ज्ञ आणि सर्जन संपूर्ण भुलीतही शेवटी जखमेत लांब टिकणारं बधिर करणारं औषध टोचतात. रुग्ण जागा होतो तेव्हा जांघ बधिर असते आणि पहिले काही तास वेदनाशामकं कमी लागतात.

कमरेतली भूल

महाराष्ट्रातल्या लहान-मध्यम रुग्णालयांत चीर देऊन करायच्या हर्नियाला बहुधा हीच दिली जाते. रुग्णाला बसवून किंवा कुशीवर वळवून पाठ वाकवायला सांगतात, कंबरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधून बारीक सुई आत घालतात आणि अडीच-तीन मिलिलिटर बुपिव्हकेन सोडतात. प्रौढ माणसात मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, त्यामुळे सुई मज्जारज्जूला लागण्याची भीती या पातळीवर नसते. पाच-दहा मिनिटांत बेंबीपासून खाली सगळं जड आणि बधिर होतं. फुगा ओढल्यावरची खोल कळही सहसा जाणवत नाही. औषध इतकं थोडं, की त्याची विषबाधा होण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. स्वस्त आणि खात्रीची. सर्जनसाठीही आरामाची, कारण स्नायू सैल पडलेले असतात.

तिच्याबद्दलची लोकांतली मोठी भीती म्हणजे जन्मभराची पाठदुखी. सुई गेल्या जागी काही दिवस दुखतं, हे खरं. कायमच्या पाठदुखीशी मात्र तिचा संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. बिअरना झाली ती डोकेदुखी आजही काहींना होते; बसलं की वाढते, आडवं झालं की उतरते.

खरे अडसर वेगळे आहेत आणि त्यांची कमी चर्चा होते. कंबरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. तो सावरायला शिरेतून सलाइन भराभर दिलं जातं. तिकडे मूत्राशयाच्या नसाही झोपलेल्या असतात. त्याला भरल्याचं कळत नाही आणि रिकामं होण्याची ताकद नसते. सलाइननं ते तुडुंब होतं. त्यात रुग्ण साठीचा, प्रोस्टेट वाढलेलं. मग लघवी तुंबते, नळी घालावी लागते आणि संध्याकाळी घरी जाणारा माणूस रात्रभर राहतो.

जागेवरची भूल

ही भूल सर्जन स्वतः देतो, आणि ती एका टोचणीत संपत नाही. आधी कंबरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून दोनेक सेंटिमीटर आत पहिल्या दोन नसांपाशी औषध सोडतात, मग चिरेच्या रेषेत कातडीत आणि त्याखालच्या चरबीत. थर उघडत जातील तसं पुढचं औषध: पांढऱ्या चिवट पडद्याखाली, जघनाच्या हाडापाशी, आणि शेवटी फुग्याच्या मानेभोवती. ही शेवटची टोचणी विसरली की फुगा ओढताच रुग्ण कळवळतो आणि सगळी भूल फसल्यासारखी वाटते.

औषधाचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. लिग्नोकेनची सुरक्षित मर्यादा साधारणपणे वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम, आणि रक्तवाहिन्या आकसणारं ॲड्रिनलिन मिसळलं तर ७ मिलिग्रॅम धरतात. एक टक्का द्रावणाच्या दर मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ॲड्रिनलिनशिवाय १८ मिलिलिटर, ॲड्रिनलिनसह ४२. एका बाजूच्या हर्नियाला ४० ते ६० मिलिलिटर द्रावण सहज लागतं, म्हणून ते पातळ करतात किंवा लांब टिकणाऱ्या बुपिव्हकेनबरोबर मिसळतात. मिसळलं तरी दोघांच्या विषारीपणाची बेरीज होतेच. मर्यादा ओलांडली किंवा औषध चुकून शिरेत गेलं, तर ओठांभोवती मुंग्या येतात, कानांत आवाज होतो, मग झटके, आणि शेवटी हृदयाचा ठोका बिघडतो. त्यावर उतारा म्हणून शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण गेल्या पंचवीसेक वर्षांत उपलब्ध झालं आहे. पण खरी राखण हिशेबाचीच. दोन्ही बाजूंचे हर्निया एकाच वेळी जागेवरच्या भुलीत करणं अवघड ते यामुळेच.

फायदा असा, की फुप्फुस, हृदय, मेंदू, मूत्राशय या कशालाच हात लागत नाही. रुग्ण बोलत असतो. जाळी बसल्यावर सर्जन त्याला खोकायला सांगतो आणि दुरुस्ती ताण सोसते का, ते जागच्या जागी पाहतो. कॅनडात टोरंटोजवळच्या शोल्डाइस रुग्णालयाचा सगळा लौकिकच यावर उभा आहे. १९४५ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात हर्नियाशिवाय दुसरं काही होत नाही. थोडं गुंगीचं औषध आणि जागेवरची भूल, आणि ऑपरेशन संपलं की रुग्ण टेबलावरून स्वतः उतरतो. लॉस एंजेलिसच्या अर्विंग लिख्टेनश्टाइन यांनी १९८० च्या दशकात ताण न देता जाळी बसवण्याची जी पद्धत रूढ केली, तीही मुळात याच भुलीत करण्यासाठी घडवलेली होती.

आकडे काय म्हणतात

स्वीडनमध्ये दहा रुग्णालयांत ६१६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तिन्ही भुलींत वाटून दिलं गेलं. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले. जागेवरच्या भुलीचे रुग्ण ऑपरेशननंतर सरासरी तीन तासांत घरी जायच्या अवस्थेत होते, बाकी दोन्ही गटांना सहा तास लागले. सुरुवातीची वेदनाही कमी आणि लघवीच्या तक्रारीही कमी.

लघवीचे आकडे तर बोलके आहेत. डेन्मार्कच्या संशोधकांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या हजारो रुग्णांची माहिती २००२ मध्ये एकत्र केली. लघवी तुंबण्याचं प्रमाण संपूर्ण भुलीत ३ टक्के, कमरेतल्या भुलीत २.४२ टक्के आणि जागेवरच्या भुलीत ०.३७ टक्के निघालं.

पण सगळे निकाल एकाच बाजूला झुकलेले नाहीत. त्याच २००३ साली ग्लासगोच्या २७९ रुग्णांच्या चाचणीत जागेवरची आणि संपूर्ण भूल यांत पूर्ववत होण्याच्या बाबतीत मोठा फरक दिसला नाही. आजची संपूर्ण भूल कुशिंगच्या ईथरसारखी राहिलेली नाही, हेही त्यातून लक्षात घ्यायला हवं. आणि या सगळ्या फरकांचा जीव पहिल्या काही तासांपुरता, फार तर दिवसांपुरता असतो. महिनोन्‌महिने टिकणारी जांघेतली दुखणी साधारण दहातल्या एकाला त्रास देतात. त्यात भुलीपेक्षा त्या तीन नसा ऑपरेशनमध्ये कशा हाताळल्या याचा वाटा मोठा.

एक निष्कर्ष मात्र आपल्या समजुतीला धक्का देणारा आहे. ‘वय झालंय, पूर्ण भूल नको, कमरेतलीच द्या’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींत पासष्टीपुढच्या रुग्णांना हृदय-फुप्फुसांसारखे वैद्यकीय त्रास कमरेतल्या भुलीनंतरच अधिक झाल्याचं दिसलं. उतरणारा रक्तदाब, भरलेलं सलाइन आणि तुंबलेली लघवी यांची साखळी आठवली की याचं फार नवल वाटत नाही. जगभरच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही पासष्टीपुढे कमरेतल्या भुलीऐवजी जागेवरची किंवा संपूर्ण भूल सुचवली आहे. एखाद्या रुग्णाच्या फुप्फुसांची अवस्था पाहून भूलतज्ज्ञ वेगळं ठरवू शकतात. पण ‘म्हातारा माणूस म्हणजे कमरेतलीच’ हा सरसकट नियम टिकत नाही.

तरीही जागेवरच्या भुलीला मागणी का नाही

डेन्मार्कमध्ये या शतकाच्या सुरुवातीला हर्नियाच्या दर १०० ऑपरेशनांपैकी सुमारे ६४ संपूर्ण भुलीत, १८ कमरेतल्या आणि १८ जागेवरच्या भुलीत होत होती. या विषयावरचं उत्तम संशोधन जिथे झालं तिथलीच ही गत. शोल्डाइसमध्ये मात्र जवळजवळ सगळी जागेवरच्या भुलीत.

खुलासा स्वीडनच्या हर्निया नोंदवहीतून होतो. सुमारे ६०,००० ऑपरेशनांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की पहिल्यांदाच केलेली दुरुस्ती जागेवरच्या भुलीत झाली असेल तर हर्निया पुन्हा उद्भवून दुसरं ऑपरेशन लागण्याचा धोका थोडा जास्त होता. औषधानं भिंत कमकुवत होत नाही. मग कारण हातांत शोधावं लागतं. जागा रुग्ण हालतो, मधेच ‘दुखतंय’ म्हणतो, ऊती औषधानं फुगून थर अस्पष्ट होतात. ज्याला सवय नाही असा सर्जन अशा वेळी घाई करतो, जाळी लहान घेतो, टाका खोल घ्यायला कचरतो. सवय असलेला सर्जन थांबतो, आणखी थोडं औषध देतो, रुग्णाशी बोलतो आणि पुढे जातो. म्हणूनच २०१८ च्या सूचनांत जागेवरच्या भुलीची शिफारस एका अटीसह आली आहे: सर्जनला त्या पद्धतीचा अनुभव हवा.

इथे या भुलीचं वैशिष्ट्य उघड होतं. संपूर्ण आणि कमरेतल्या भुलीत कौशल्य भूलतज्ज्ञाचं असतं आणि सर्जनचा हात त्यापासून मोकळा राहतो. जागेवरच्या भुलीत दोन्ही कामं एकाच हाताची. हात हलका नसेल, ऊती खसाखसा ओढायची सवय असेल, तर कितीही औषध अपुरं पडतं. मग गुंगीचं औषध वाढवत नेलं जातं आणि रुग्ण ना धड जागा ना धड झोपलेला, श्वासमार्गही सुरक्षित केलेला नाही, अशी अवस्था होते. तिन्हींत सगळ्यात धोक्याची स्थिती तीच.

काही रुग्णांना जागेवरची भूल मुळातच जमत नाही. आतडं अडकलेला हर्निया, वृषणकोशापर्यंत उतरलेला मोठा फुगा, पूर्वी ऑपरेशन होऊन व्रण पडलेली जागा, फार जाड चरबी, फार भित्रा स्वभाव: अशा वेळी आग्रह धरू नये. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट वायूनं फुगवतात, त्यासाठी सहसा संपूर्ण भूलच लागते. हर्निया दोन्ही बाजूंना असेल तर दुर्बिणीचं पारडं जड होतं, आणि मग भुलीचा प्रश्न आपोआप सुटतो.

तान्ही बाळं

लहान मुलांचा हर्निया जन्मतःच उघड्या राहिलेल्या वाटेचा असतो आणि तो बहुतेकदा संपूर्ण भुलीतच करतात. पण तान्ह्या मेंदूवर या औषधांचा परिणाम होत असेल का, ही शंका प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे निर्माण झाली होती. ती तपासायलाही हर्नियाच कामी आला. सात देशांतल्या ७२२ बाळांपैकी निम्म्यांना जागेपणी कमरेतून भूल दिली, निम्म्यांना सेव्होफ्लुरेन वायूनं झोपवलं. दुसऱ्या आणि पाचव्या वर्षी त्यांची बुद्धी मोजली. २०१६ आणि २०१९ मध्ये आलेले निकाल सारखेच होते: तासाभरापेक्षा कमी वेळच्या एका भुलीनं फरक पडला नव्हता. आईबापांच्या डोक्यावरचं मोठं ओझं त्यानं उतरलं.

जिथे भूलतज्ज्ञच नाही

भुलीची निवड श्रीमंत देशात सोयीचा प्रश्न असतो. गरीब मुलखात ऑपरेशन होणार की नाही हेच तिच्यावर ठरतं. या गोष्टीला महाराष्ट्राचा एक धागा आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि इतर सर्जनांसह केलेल्या चाचणीचे निकाल २००३ मध्ये प्रसिद्ध केले. काही रुपयांत जाळी मिळाल्यावर खर्चाचा दुसरा मोठा हिस्सा उरतो तो भुलीचा: वायू, यंत्र, भूलतज्ज्ञ, रात्रीचा मुक्काम.

पूर्व युगांडात हे दोन्ही धागे एकत्र आले. तिथे ३०२ पुरुषांवर केलेल्या चाचणीत अर्ध्यांना मच्छरदाणीची आणि अर्ध्यांना बाजारातली जाळी बसवली. ऑपरेशनं जागेवरच्या भुलीत झाली. २०१६ मध्ये छापून आलेल्या निकालात वर्षभरानंतर दोन्ही जाळ्यांत लक्षणीय फरक नव्हता. मच्छरदाणीचं कापड आणि काही बाटल्या लिग्नोकेन एवढ्यावर, भुलीच्या यंत्राशिवाय, चांगलं ऑपरेशन होऊ शकतं हे त्यातून सिद्ध झालं. अर्थात नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजनवर नजर ठेवणारं माणूस तिथेही लागतंच.

डॉक्टरांशी बोलताना

रुग्णानं भूलतज्ज्ञांपासून काहीही लपवू नये. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर कमरेतली भूल धोक्याची ठरू शकते. त्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरच सांगतील, आपणहून बंद करू नयेत. रात्री लघवीला चार वेळा उठावं लागत असेल, घोरण्यानं झोप मोडत असेल, पूर्वी भुलीनंतर फार उलट्या झाल्या असतील, दंतवैद्याच्या इंजेक्शननं त्रास झाला असेल, तर यातली प्रत्येक गोष्ट निवड बदलू शकते. आणि स्वतःच्या स्वभावाबद्दलही खरं सांगावं. टेबलावर जागं पडून कात्रीचा आवाज ऐकण्याच्या कल्पनेनंच घाम फुटत असेल, तर ते कमीपणाचं नाही. ती निवडीसाठी लागणारी माहिती आहे.

मग ‘सगळ्यात चांगली भूल कोणती?’ असं विचारण्यापेक्षा ‘हे ऑपरेशन तुम्ही नेहमी कोणत्या भुलीत करता, आणि माझ्यासाठी त्यात काही बदल कराल का?’ असं विचारावं. सर्जन म्हणाले, की साधे हर्निया मी जागेवरच्या भुलीतच करतो, तर आकडे त्यांच्या बाजूनं आहेत, निर्धास्त व्हावं. ‘तुम्ही म्हणत असाल तर जागेवर देऊन बघू’ असं उत्तर आलं, तर मात्र आपला हट्ट सोडावा आणि त्या चमूच्या हाताला बसलेली पद्धत स्वीकारावी. कागदावर दुसऱ्या क्रमांकाची असलेली भूल सरावाच्या हातून मिळाली, तर ती पहिल्या क्रमांकाच्या नवख्या प्रयोगापेक्षा केव्हाही बरी.